कमलाबाईंची नोंद

मराठी चरित्रलेखकाला एक जुनी खोड आहे. ज्याचे चरित्र लिहायचे त्याला तो पहिल्याच वाक्यात पाटावर बसवतो, कपाळाला गंध लावतो आणि मग उरलेला सारा लेखभर आरती ओवाळीत राहतो. ‘थोर’, ‘अलौकिक’, ‘असामान्य’, ‘तेजस्वी’ ही आपली हक्काची फुले. सभेत हार घालताना ती शोभतात. ज्ञानकोशात मात्र त्यांचे निर्माल्य होते. ज्ञानकोशाची नोंद ही कीर्द-खतावणीच्या जातीची असते. तारीख, रक्कम, कोणाकडून, कोणाला. त्यात ‘अहाहा’ लिहायला रकाना नाही.

हे मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. परंतु सांगणे निराळे आणि मुलांच्या हातून करून घेणे निराळे. म्हणून आमच्या मलकापुरातील मराठीच्या वर्गाला मी एक काम दिले. विकिपीडियासाठी एका शास्त्रज्ञाची नोंद लिहायची, आधी वहीत, मग पडद्यावर. मराठीच्या वर्गाला शास्त्रज्ञ कशाला, असे एका सहकाऱ्यांनी विचारलेच. त्याचे उत्तर पुढे येईल.

विकिपीडिया म्हणजे काय, हे आज मोबाइल बाळगणाऱ्याला सांगायला नको. पण तो चालतो कसा, हे पुष्कळांना ठाऊक नसते. इंग्रजीत तो जानेवारी २००१मध्ये सुरू झाला आणि मराठीत १ मे २००३ रोजी, म्हणजे नेमका महाराष्ट्रदिनी. त्याला संपादक मंडळ नाही, मानधन नाही. कोणीही लिहावे आणि कोणीही त्यावर हात फिरवावा. मात्र कोणी कधी कोणता शब्द बदलला याची नोंद कायमची राहते. प्रत्येक लेखाच्या पाठीशी ‘चर्चा’ नावाचे पान असते. तेथे भांडावे, लेखात भांडू नये. आणि विधानाला आधार नसेल तर त्याच्या शेजारी ‘संदर्भ हवा’ अशी चिठ्ठी लागते. ही चिठ्ठी मला फार आवडते. आपल्याकडील कित्येक व्याख्यानांवर ती डकवण्याचा मोह होतो.

विदर्भाला तर ही कल्पना परकी वाटण्याचे कारणच नाही. अमरावतीच्या शाळेत शिकलेले आणि अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतलेले श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी एकट्याच्या हिमतीवर ज्ञानकोशाचा संसार मांडला आणि १९२० ते १९२९ या काळात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे तेवीस खंड बाहेर काढले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली वाईला मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. त्याचा पहिला खंड १९७६ साली आला. ही दोन्ही कामे जाणत्यांनी केलेली. विकिपीडियात मात्र जाणता आणि नेणता एकाच पंगतीला बसतात. त्यामुळे तिसरी पिढी सोपी झाली असे नव्हे. उलट जबाबदारी पंडिताच्या खांद्यावरून उतरून तुमच्या-आमच्या खांद्यावर आली.

पहिला धडा आम्ही आमच्या गावाच्या नावावरच घेतला. मलकापूर म्हटले की आम्हांला आमचे मलकापूर दिसते. भुसावळहून नागपूरकडे निघालेली गाडी जेथे थांबते, जेथे कापसाच्या जिनिंग आहेत आणि नळगंगा आहे, ते. पण कऱ्हाडजवळ एक मलकापूर आहे आणि कोल्हापूरच्या शाहूवाडीकडे आणखी एक. ज्ञानकोशाला यांतले कोणते, हे सांगावे लागते. याला विकिपीडियावर ‘निःसंदिग्धीकरण’ असा भरभक्कम शब्द आहे. मुलांनी तो पाठ केला, आणि आपण ज्याला ‘गाव’ म्हणतो ते जगाच्या दृष्टीने अनेकांपैकी एक आहे, हे त्यांना पटले. तटस्थपणाची सुरुवात येथूनच होते.

आता शास्त्रज्ञ कोणता? मी नाव सुचवले कमला सोहोनी यांचे. मराठीच्या विद्यार्थ्याला दुर्गाबाई भागवत ठाऊक असतात. ‘ऋतुचक्र’ आणि ‘व्यासपर्व’ लिहिणाऱ्या, १९७५च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिलेल्या. पण दुर्गाबाईंना एक धाकटी बहीण होती आणि ती जीवरसायनशास्त्रज्ञ होती, हे विचारले तेव्हा वर्गात एकही हात वर झाला नाही. एकाच घरातल्या दोन मुली. थोरलीने ‘खमंग’ लिहून अन्नाची चव आणि परंपरा सांगितली. धाकटीने त्याच अन्नाच्या पोटात शिरून त्याची प्रथिने मोजली. एक आपल्या अभ्यासक्रमात आहे, दुसरी कोठेच नाही. मराठीच्या वर्गाला शास्त्रज्ञ कशाला, याचे उत्तर हेच.

पहिल्या आठवड्यात वह्या आल्या. एका मुलीच्या पहिल्याच परिच्छेदात मी अकरा विशेषणे मोजली, आणि ‘आकाशाला गवसणी’ तर तीन वह्यांत होती. आम्ही सारी विशेषणे खोडली. उरले ते असे: कमला भागवत, जन्म इंदूर, वडील नारायणराव रसायनशास्त्रज्ञ. आणि इतके थोडे उरल्यावर प्रत्येक शब्द तपासण्याची पाळी आली.

जन्माचे सालच घ्या. काही पुस्तकांत १९११ आहे, काहींत १९१२. १८ जून २०२३ रोजी गूगलने आपल्या दर्शनी पानावर त्यांचे चित्र काढले तेव्हा तो एकशे बारावा जन्मदिन धरला होता, म्हणजे १९११. आता गूगलने चित्र काढले म्हणून साल ठरत नाही, आणि पुस्तक छापील आहे म्हणूनही ठरत नाही. अशा वेळी शहाण्या नोंदकाराने आपला निकाल देऊ नये. दोन्ही साले आणि दोन्हींचे आधार लिहावेत. मुलांना हे पचायला जड गेले. परीक्षेत एकच उत्तर बरोबर असते, अशी बिचाऱ्यांची समजूत.

नावाचा गुंता याहून मोठा. १९४७ साली त्यांचा विवाह झाला आणि भागवतांच्या सोहोनी झाल्या. त्यामुळे त्यांचे तारुण्यातील संशोधन ‘भागवत’ या नावाखाली आहे आणि मुंबईतील पुढचे सारे काम ‘सोहोनी’ या नावाखाली. जो एकच नाव शोधील त्याला अर्धीच बाई सापडेल. पुरुष शास्त्रज्ञाच्या नोंदीत ही अडचण येत नाही, हे मुलींच्या लक्षात मुलांच्या आधी आले.

मग आला तो शब्द, जो आम्हां मराठी माणसांना पेढ्याहून गोड लागतो: ‘पहिली’. आद्य कवी, आद्य क्रांतिकारक, आद्य समाजसुधारक. आम्हांला दुसरा कोणी चालतच नाही. कमला सोहोनी यांच्याविषयीच्या बहुतेक लेखांत ‘विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री’ असे सर्रास लिहिलेले असते. केंब्रिजची ती पदवी १९३९ सालची. पण वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने विज्ञानाची डॉक्टरेट दिली ती १९३१ साली! तिचे नाव पीएच.डी. नव्हे, डी.एस्सी. होते, एवढाच फरक. आणि असीमा चटर्जी यांना कलकत्ता विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली १९४४ साली. तेव्हा ‘पहिली’ हा शब्द कोणत्या पदवीला, कोठल्या विद्यापीठाला आणि कोणत्या सालाला लावायचा, हे सांगितल्यावाचून तो खरा ठरत नाही. आम्ही नोंदीत लिहिले: १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. खाली टीप दिली की, काही लेखक त्यांना पहिल्या म्हणतात, पण जानकी अम्माळ यांची डॉक्टरेट त्याआधीची आहे. एका मुलाने कुरकुर केली, “सर, मग यात राहिले काय?”

त्याला मी केंब्रिजची गोष्ट सांगितली. त्या विद्यापीठाने स्त्रियांना रीतसर पदवी आणि पूर्ण सभासदत्व दिले ते १९४८ साली. तोवर स्त्री परीक्षा देई, प्रबंध लिही, उत्तीर्ण होई. पण तिला मिळे तो पदवीचा नुसता किताब, विद्यापीठाच्या कारभारात मत नाही. म्हणजे कमलाबाई १९३९ साली ज्या दारातून आत गेल्या ते दार तेव्हा अर्धेच उघडलेले होते. हे सत्य ‘पहिली’ या शब्दाहून अधिक बोलके आहे, आणि त्याला कसलेही विशेषण लागत नाही.

आता त्या सुप्रसिद्ध प्रसंगाकडे वळू. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. १९३३ साली वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या या मुलीने बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. वडील आणि चुलते याच संस्थेत शिकलेले. संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी चंद्रशेखर व्यंकट रामन. त्यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. ती हटली नाही, गांधीजींच्या मार्गाने तिने सत्याग्रह मांडला, आणि अखेर तिला अटींवर घेतले गेले: पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी नाही, मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम, आणि पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये. हा अपमान कमलाबाई विसरल्या नाहीत. उतारवयातील भाषणात त्यांनी तो बोलून दाखवला.

वर्गात या गोष्टीने रक्त तापले. एका वहीत रामन यांना दूषणे होती, तर दुसऱ्या वहीत एवढ्या मोठ्या माणसाची बदनामी नको म्हणून प्रसंगच गाळलेला होता. दोन्ही वह्या मी परत केल्या. येथे मराठी भाषा आपल्या मदतीला येते. आपल्याकडे ‘म्हणे’ नावाचा एक चिमुकला शब्द आहे. सांगणाऱ्याचे माप सांगणाऱ्याच्या पदरात घालणारा. ज्ञानकोशात ‘म्हणे’ चालत नाही, पण त्याचा सभ्य भाऊ ‘असे सोहोनी यांनी पुढे सांगितले’ हा चालतो. एवढ्या एका उपवाक्याने काम होते: प्रसंग राहतो, कोणाचा दाखला तेही राहते, आणि निकाल वाचकाकडे जातो. त्याच नोंदीत हेही यायला हवे की, १९४० साली याच रामन यांच्या प्रयोगशाळेत ॲना मणी संशोधनाला आल्या. त्याने १९३३ची गोष्ट पुसली जात नाही. पण नोंदीचे पारडे एका बाजूला कलत नाही.

परंतु मला खरी चिंता वाटली ती निराळीच. वह्यांतील निम्मी पाने या प्रसंगाने व्यापली होती, आणि त्या बाईंनी आयुष्यभर केले काय, यावर दोन ओळी. म्हणजे आम्ही शास्त्रज्ञाची नोंद लिहीत होतो की रामन यांनी नाकारलेल्या मुलीची? कोणी दार अडवले एवढीच एखाद्या बाईची ओळख उरली, तर अडवणाऱ्याचाच विजय झाला म्हणायचा. मी सांगितले, प्रसंगाला चार वाक्ये. बाकीची जागा कामाला.

आणि काम शोधू लागलो तेव्हा आणखी एक गाठ बसलेली दिसली. बहुतेक मराठी लेखांत लिहिलेले असते की, कमलाबाईंनी वनस्पतींमध्ये ‘सायटोक्रोम सी’चा शोध लावला. सायटोक्रोम हे पेशींच्या श्वसनातले लोह असलेले प्रथिन. आपण श्वासाने घेतलेला प्राणवायू पेशीत पोचला की अन्नातील ऊर्जा मोकळी होते. त्या वाटेवर हातोहात पालखी पुढे न्यावी तसे इलेक्ट्रॉन पुढे नेण्याचे काम या प्रथिनांकडे असते. परंतु हे नाव दिले केंब्रिजमधीलच डेव्हिड कीलिन यांनी, १९२५ साली. आणि त्यांच्या त्या निबंधाच्या शीर्षकातच प्राणी, यीस्ट आणि उच्च वनस्पती या तिन्हींचा उल्लेख आहे. मग भागवतांचे काय? त्यांनी केंब्रिजमध्ये आधी डेरेक रिक्टर आणि मग रॉबिन हिल यांच्याबरोबर काम केले. प्रयोगशाळा फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांची, जीवनसत्त्वांवरील कामासाठी १९२९चे नोबेल मिळवणाऱ्यांची. प्रकाशसंश्लेषणाच्या धड्यात जी ‘हिल अभिक्रिया’ येते ती या रॉबिन हिल यांचीच. हिल आणि भागवत यांचे टिपण १९३९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आले. त्याचा विषय ‘सपुष्प वनस्पतींमधील सायटोक्रोम ऑक्सिडेझ’. ऑक्सिडेझ म्हणजे त्या वाटेवरचा शेवटचा भोई, जो इलेक्ट्रॉन प्राणवायूच्या हवाली करतो.

तेव्हा ‘सायटोक्रोमचा शोध लावला’ हे वाक्य ऐकायला मोठे आणि तपासायला कच्चे. ‘सपुष्प वनस्पतींमधील सायटोक्रोम ऑक्सिडेझवर हिल यांच्याबरोबर संशोधन केले’ हे वाक्य ऐकायला लहान आणि वजनाला पक्के. विज्ञानाचा जाणकार पहिले वाक्य वाचून हसेल, दुसरे वाचून थबकेल. कमलाबाईंचा मान कोणत्या वाक्यात अधिक राहतो, ते वाचकांनीच ठरवावे.

मला स्वतःला मात्र त्यांचे नंतरचे, मुंबईचे काम अधिक मोलाचे वाटते, आणि त्याचे कारण आमच्या भागातले आहे. १९३९ साली त्या परतल्या, दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयात आणि मग कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम करून मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. तेथे जीवरसायनशास्त्राचा विभाग उभा केला आणि पुढे त्याच संस्थेच्या संचालक झाल्या. या विभागातून त्यांनी गरिबाच्या ताटातील पदार्थांवर काम केले. नीरा घ्या. ताडमाडाचा तो पहाटेचा रस उन्हे चढली की आंबू लागतो. तो ताजा असतानाच त्यात काय पोषण आहे आणि कुपोषित मुलांना व गर्भवतींना त्याचा कितपत उपयोग होईल, याचा अभ्यास त्यांनी विद्यार्थ्यांकडून करून घेतला. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला.

दुसरे काम डाळी-कडधान्यांचे. १९५४ साली त्यांच्या नावावर आलेल्या एका निबंधाचा विषय होता भारतीय अन्नपदार्थांतील ट्रिप्सिनला अडवणारी द्रव्ये. ट्रिप्सिन हे आपल्या आतड्यात प्रथिने पचवणारे विकर. कच्च्या कडधान्यांत त्याचा हात धरून ठेवणारे पदार्थ असतात. चांगले शिजवले की त्यांतील पुष्कळसे निकामी होतात. आमच्याकडे कपाशीच्या ओळींत तुरीची ओळ असते. तिची डाळ चुलीवर तासभर रटरटत ठेवणाऱ्या आजीला ट्रिप्सिन ठाऊक नव्हते. पण ‘डाळ कच्ची राहिली, पोट दुखेल’ हे ठाऊक होते. शेतकऱ्यांच्या घरची मुले हा परिच्छेद लिहिताना प्रथमच स्वतःच्या शब्दांत लिहू लागली. एका मुलीने तर ‘हात धरून ठेवणारे’ हा शब्दप्रयोग मला सुचवला, तो मी वर वापरला आहे.

परिभाषेचा वाद झालाच. एन्झाइमला शालेय पुस्तकांत ‘विकर’ म्हणतात, कोठे ‘वितंचक’ही वाचायला मिळते, आणि दवाखान्यात सगळे ‘एन्झाइम’च म्हणतात. माझे मत असे की, पहिल्यांदा ‘विकर’ लिहावे आणि तेथेच ‘म्हणजे एन्झाइम’ असे सांगून टाकावे. सायटोक्रोमला मराठी शब्द घडवण्याच्या फंदात पडू नये. वाचक शब्दाने दचकला की अर्थापाशी पोचतच नाही. आणि नोंदीत ‘होती’ की ‘होत्या’? इंग्रजीला हा प्रश्न पडत नाही. आम्ही ‘होत्या’च ठेवले. तटस्थपणा विशेषणांत असावा, मराठीच्या रीतीभातीत नव्हे.

एखाद्याला वाटेल, एका नोंदीचा एवढा काथ्याकूट कशासाठी? त्याने २०१८ सालची गोष्ट आठवावी. त्या वर्षी २ ऑक्टोबरला पदार्थविज्ञानाचे नोबेल जाहीर झाले, त्यात कॅनडाच्या डॉना स्ट्रिकलंड होत्या. ते पारितोषिक मिळवणाऱ्या त्या केवळ तिसऱ्या स्त्री. आणि त्या क्षणी विकिपीडियावर त्यांच्या नावाचे पान नव्हते! कोणी लिहिले नव्हते असेही नव्हे. त्याच वर्षी एकाने मसुदा धाडला होता. पुरेसे स्वतंत्र संदर्भ नाहीत म्हणून तो परतला. विकिपीडियाचा नियम असा की, ज्याच्याविषयी इतरांनी लिहिले आहे त्याच्याविषयीच लिहावे. नियम रास्त आहे. पण ज्यांच्याविषयी कोणी लिहीतच नव्हते त्यांचे काय? इंग्रजी विकिपीडियातील चरित्रलेखांत स्त्रियांचा वाटा अजून साधारण पंचमांशच आहे. ज्ञानकोश हा आरसा आहे; समोर कोणी उभेच केले नाही तर त्यात दिसणार कोण?

कमलाबाईंच्या नोंदीतही जेथे संदर्भ सापडले तेथे लिहिता आले. सर्वांत रिकामा राहिला तो त्यांचा सार्वजनिक कामाचा परिच्छेद. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी स्थापन केलेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियात त्या काम करीत, १९८२-८३मध्ये तिच्या अध्यक्ष होत्या, आणि तिच्या ‘कीमत’ या नियतकालिकात ग्राहकांसाठी लिहीत. भेसळ कशी ओळखावी हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. मराठी साप्ताहिके आणि दिवाळी अंक यांनी त्या काळी त्यांच्याविषयी काय छापले, हा शोध आम्ही मुलांना वाटून दिला आहे. मोबाइलवर तो लागत नाही. तो गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत आहे, बांधणी उसवलेल्या अंकांत आहे, आणि कोणाकोणाच्या माळ्यावरच्या ट्रंकांत आहे.

दिवाळीच्या साफसफाईत आपण ट्रंका उघडतोच. असा एखादा जुना अंक हाती आला आणि त्यात भागवत किंवा सोहोनी या नावाने काही दिसले, तर रद्दीवाल्याला देण्याआधी एवढे करावे: अंकाचे नाव, वर्ष, महिना, लेखाचे शीर्षक आणि पृष्ठांक एका चिठ्ठीवर उतरवून घ्यावा, आणि ती चिठ्ठी विकिपीडियावरील त्यांच्या लेखाच्या चर्चापानावर टाकावी. पृष्ठांक विसरू नये. आमच्या मुलांनी आणलेल्या पहिल्या सात चिठ्ठ्यांपैकी चारांवर तो नव्हता.